मावळातली लेणी आणि आमची चुकलेली परिकल्पना



कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय 'संशोधनाची परिकल्पना कशी मांडावी'. तो वाचून आत येताना एका गृहस्थांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, "म्हणजे आज लेण्यांवर नाही का बोलणार?" लेण्यांवरच बोलणार आहोत. परिकल्पना म्हणजे काय हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही. ते कार्ल्याच्या पायऱ्यांवर आणि घाटातल्या पायवाटांवर कळलं, आणि तेही आधी सपशेल तोंडावर पडून. आमचा सात-आठ जणांचा गट आहे. कुणी शाळेत शिकवायचं, कुणी रेल्वेत होतं, दोघं-तिघं अजून कॉलेजात आहेत. पदव्या कमी, चालणं जास्त. त्यामुळे आज 'आम्ही' म्हणू तेव्हा तो मोठेपणाचा 'आम्ही' नाही, खरोखरच अनेकवचन आहे.

आधी शब्दाचं बघू. शिक्षणशास्त्राचा कुठलाही मराठी प्रबंध उघडा, पहिल्याच प्रकरणात दोन शीर्षकं भेटतात: 'गृहीतके' आणि 'परिकल्पना'. बरेच विद्यार्थी दोन्हींखाली जवळजवळ सारखीच वाक्यं लिहितात आणि मार्गदर्शकही सही करून मोकळे होतात. खरं तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गृहीतक म्हणजे ज्याच्यावर उभं राहून आपण काम करतो, ते. कार्ल्याच्या खांबावरची लिपी ब्राह्मी आहे आणि ती वाचता येते, हे आमचं गृहीतक. रोज सकाळी उठून आम्ही ते तपासत बसत नाही. परिकल्पना म्हणजे जे आपण पणाला लावतो, ते. ती खोटी ठरू शकते, आणि ती खोटी कशानं ठरेल हे आपण आधीच सांगून ठेवलेलं असतं. हे दुसरं अर्धं वाक्य महत्त्वाचं. आमचं सगळं रामायण तिथंच घडलं.

पण त्याच्या आधी एक सोपं उदाहरण घेऊ, तुमच्या-आमच्या उंबऱ्यातलं. मावळाला मावळ का म्हणतात? कामशेतच्या बाजारात कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: सूर्य जिकडे मावळतो तो भाग म्हणून मावळ. ऐकायला छान आहे, पटतंही. आता याच्यासमोर दुसरं म्हणणं ठेवू. कार्ल्याला सातवाहन काळातला एक लेख आहे. त्यात भिक्षुसंघाला करजक नावाचं गाव दिल्याची राजाज्ञा आहे, आणि हे गाव 'मामल आहारा'तलं आहे असं म्हटलंय. आहार म्हणजे आजच्या भाषेत तालुका-जिल्हा. तर दुसरं म्हणणं असं, की हे 'मामल'च पुढं 'मावळ' झालं.

कुणी म्हणेल, झालं, दोन मतं आहेत, ज्याला जे आवडेल ते घ्यावं. नाही. इथं आवडीचा प्रश्नच नाही. दुसरं म्हणणं खरं असेल, तर शब्दाच्या मधला 'म' जाऊन 'व' आला पाहिजे आणि 'ल' जाऊन 'ळ' आला पाहिजे. हे एकाच शब्दापुरतं घडलं असं म्हणून चालणार नाही. मराठीत ही सवय इतरत्रही दिसली पाहिजे. मग बघू या दिसते का. आमलक, त्याचा झाला आवळा. कोमल, त्याचं कोवळा. श्यामल, त्याचं सावळा. तिन्हींत 'म'चा 'व' आणि 'ल'चा 'ळ', दोन्ही बदल एकदमच. मामलचं मावळ होणं हे मराठीच्या चालीरीतीला धरूनच आहे. सूर्य मावळण्याच्या म्हणण्याचं काय? त्यातून एक गोष्ट निघते: नाव मुळापासून मावळण्याशी जोडलेलं असेल, तर त्याच प्रदेशाचं त्याहून जुनं, वेगळं दिसणारं रूप सापडता कामा नये. ते तर कातळात कोरलेलं आहे, सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी.

या उदाहरणात गंमत काय आहे बघा. 'मामल' हा शब्द नुसता सापडला म्हणून काम झालं नाही. त्या म्हणण्यातून पुढचं काहीतरी निघालं, ते दुसरीकडे जाऊन बघता आलं, आणि बघायला गेल्यावर ते नसण्याचीही शक्यता होती. कोमलचं मराठीत 'कोमाळा' झालेलं असतं तर आम्ही अडचणीत आलो असतो.

आता आमची गोष्ट.

मावळाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मळवली स्टेशनात उतरलात की एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. पवन मावळाकडे गेलात की बेडसे. तळेगावच्या पुढं घोरावाडीजवळ शेलारवाडी. घाट उतरून खाली गेलात तर राजमाचीच्या पायथ्याला कोंडाणे. कोकणातून कल्याण, सोपारा, चौल या बंदरांवरचा माल घाट चढून वर यायचा आणि पुढं जुन्नर, तेरकडे जायचा, हे शाळेच्या पुस्तकातही आहे. आम्ही या दोन गोष्टी जोडल्या आणि म्हटलं, ही लेणी म्हणजे सार्थवाहांचे मुक्काम. लादलेला बैल दिवसाला चार-पाच कोस चालतो, म्हणजे दर चार-पाच कोसांवर एक लेणं. नकाशावर कंपासनं वर्तुळं काढली. काय सांगू, इतकी सुंदर बसली! निदान आम्हाला तरी बसलेली दिसली. तीन पावसाळे आम्ही त्यामागं घालवले. गावोगाव व्याख्यानं दिली. एका चर्चासत्रासाठी निबंध पाठवला, तो स्वीकारलाही गेला.

मग एका रविवारी भाज्याहून खाली येताना आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "काका, भाज्यापासून कार्लं समोर दिसतं. बैल चार-पाच कोस चालणार होता ना? मग इथं लगेच दुसरा मुक्काम कशाला?"

आमच्याकडे उत्तर होतं. नेहमीच असतं. आम्ही म्हणालो, एक लेणं चढणाऱ्यांसाठी असेल, एक उतरणाऱ्यांसाठी. ती म्हणाली, "आणि बेडसे तर वाटेपासून आत आहे." आम्ही म्हणालो, तिथून पवनेकडे फाटा जात असेल. ती थोडा वेळ गप्प चालली आणि मग म्हणाली, "काका, कुठं लेणं सापडलं असतं, किंवा कुठं सापडलं नसतं, तर तुम्ही म्हणाला असतात की आपण चुकलो?"

मळवली स्टेशन येईपर्यंत आम्हाला उत्तर देता आलं नाही.

कारण उत्तर नव्हतंच. लेणं वाटेवर सापडलं की मुक्काम, वाटेपासून दूर सापडलं की फाट्यावरचा मुक्काम. दोन जवळ असली की जाण्याचा आणि येण्याचा. जगात लेणी कशीही विखुरलेली असती, तरी आमचं म्हणणं खरंच ठरलं असतं. जे कशानंही खोटं ठरत नाही ते म्हणणं फार मजबूत आहे असं आम्हाला वाटत होतं. ते मजबूत नव्हतं, पोकळ होतं. पोकळ वस्तूलाही धक्का मारला तर ती मोडत नाही, नुसती सरकते.

घरी येऊन सगळं पुन्हा काढलं तेव्हा बाकीच्या चुकाही वर आल्या. भाज्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं मानतात. कार्ल्याचं मोठं चैत्यगृह त्याच्या पुष्कळ नंतरचं, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं. म्हणजे मधे दोन-अडीचशे वर्षं. आम्ही दोघांनाही एकाच कागदावर, एकाच शाईनं टिंब केलं होतं. शनिवारवाडा आणि पुणे मेट्रो एकाच काळात बांधले असं समजून पुण्याची वाहतूक अभ्यासावी, तसला प्रकार.

दुसरी चूक वाटेची. आपण सगळे जुना महामार्ग आणि एक्स्प्रेसवे बघत मोठे झालो, त्यामुळे 'वाट' म्हटलं की खंडाळ्याचा बोरघाट डोळ्यांपुढं येतो. पण तो गाड्यांचा रस्ता इंग्रजांनी १८३० मध्ये खुला केला, आणि घाटातली रेल्वे १८६३ मधली. त्याआधी बैल आणि माणसं कुरवंड्याच्या वाटेनं, राजमाचीच्या बाजूनं, अंदर मावळात कुसूरच्या घाटानं चढत-उतरत. १६६१ साली कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत अडवली, ती कुरवंड्याच्या वाटेनंच उतरली होती. म्हणजे सतराव्या शतकातही एवढी मोठी फौज आजच्या रस्त्यानं गेली नाही. आणि आम्ही दोन हजार वर्षांपूर्वीचे बैल महामार्गावरून हाकत होतो.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी. आम्ही फक्त लेणी होती तिथंच गेलो होतो. जिथं कातळ तसाच आहे, वाट तशीच आहे, पाणी आहे आणि तरी लेणं नाही, अशा एकाही जागी मुद्दाम गेलो नव्हतो. मुक्काम वाटेवर असतात हे दाखवायचं तर बिनमुक्कामाच्या जागाही मोजायला नकोत का?

निबंध आम्ही परत घेतला. तो प्रश्न एका पत्रानं सुटला. पण एका गावानं आमचं व्याख्यान ऐकून वेशीवर फलक लावला होता, 'प्राचीन सार्थवाहांचे मुक्कामस्थान'. आम्ही जाऊन सांगितलं की हे आम्ही मागं घेतलंय, फलक काढा. तिथले एक जण म्हणाले, "आता रंगवलाय, राहू द्या. पर्यटक थांबतात, चहा घेतात." फलक अजून आहे. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीच्या नातवानं शाळेच्या प्रकल्पात ते वाक्य लिहिलं. त्याला दहापैकी नऊ मिळाले. इतिहासात वाईट परिकल्पना नुसती चुकत नाही, ती फलक होऊन उभी राहते.

आणि हे आमच्यापुरतं नाही. नाणेघाटात तो मोठा दगडी रांजण आहे. कुणालाही विचारा, जकातीची नाणी टाकायचा रांजण. कदाचित असेलही. पण त्या रांजणावर तसं काही लिहिलेलं नाही. घाटातलं मोठं दगडी भांडं आणखी कशाकशासाठी असू शकतं, आणि ते जकातीचंच होतं म्हणायला आणखी काय दिसायला हवं, हा प्रश्न विचारायच्या आधीच त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकासारखं पाठ झालेलं आहे.

असो. तोंडावर पडल्यावर आम्ही दामोदर कोसंबी पुन्हा वाचायला घेतले. आधीही वाचले होते, पण त्यांचे निष्कर्ष वाचले होते. आता ते तिथवर कसे पोचतात ते बघू लागलो.

कोसंबी गणिती. मूळ गोव्याचे, जन्म १९०७ चा, वडील धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माचे पंडित. दामोदरपंत १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचं काम करायचे आणि राहायचे पुण्यात. म्हणजे डेक्कन क्वीननं ये-जा. हा माणूस वर्षानुवर्षं कामशेत, मळवली, लोणावळा खिडकीतून बघत गेला आणि सुटीच्या दिवशी तिथंच पायी हिंडला.

त्यांचं नाण्यांचं काम थोडक्यात सांगतो, कारण त्यातून पद्धत कळते. प्राचीन आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेले चांदीचे तुकडे, हजारोंनी सापडतात. त्यांच्यावर राजाचं नाव नाही, साल नाही. कोसंबींचं म्हणणं असं, की नाणं हातोहात फिरलं की झिजतं, म्हणून जास्त झिजलेलं नाणं जास्त काळ फिरलेलं असणार आणि त्यावरून नाण्यांचा क्रम लावता येईल. इथवर कुणीही येईल. पुढं त्यांनी काय केलं? प्राचीन नाण्यांना हात घालण्याआधी आपल्या काळातली, बाजारात चालणारी, साल छापलेली नाणी गोळा करून तराजूत घातली. वय माहीत असलेली नाणी वयाच्या प्रमाणात झिजतात का, ते आधी बघितलं. इथं म्हणणं पडलं असतं, तर मौर्यांपर्यंत जायची गरजच उरली नसती. आपलं म्हणणं जिथं सहज पडू शकतं तिथं त्याला आधी नेणं, हे आम्ही तीन पावसाळ्यांत एकदाही केलं नव्हतं.

आता मावळ. कार्ल्याच्या चैत्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ आहे. बेडशाच्या लेण्यात यमाई आहे. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या १९६२ च्या पुस्तकात कोसंबींनी विचारलं, या देव्या इथं का? गावात नाहीत, शेतात नाहीत, डोंगराच्या कुशीत वाटांच्या तिठ्यावर का? त्यांचं म्हणणं असं: नांगर येण्याच्या आधी या डोंगरांत गुरं-मेंढ्या घेऊन ऋतूप्रमाणे फिरणारी माणसं होती. त्यांच्या वाटा जिथं एकमेकींना मिळत तिथं त्यांच्या देव्या होत्या. मागून व्यापारी त्याच वाटांनी आले, आणि भिक्षूही तिथंच आले, कारण माणसं तिथं आधीपासून जमत होती.

हे म्हणणं आमच्या मुक्कामासारखंच मोठं, ऐसपैस वाटतं ना? पण फरक बघा. त्यांनी त्यातून जमिनीवर बघता येईल अशी एक गोष्ट काढली. ती भटकी माणसं दगडाची बारीक हत्यारं वापरत, ज्यांना आपण सूक्ष्मास्त्रं म्हणतो. गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या, बोटाच्या पेरापेक्षाही लहान पात्या. त्या लाकडात-हाडात बसवून वापरायच्या. कोसंबींचं म्हणणं खरं असेल, तर या जुन्या देवस्थानांच्या आसपास आणि त्या वाटांवर अशा पात्या सापडल्या पाहिजेत, आणि वाटेशी संबंध नसलेल्या जागी तशा दाटीनं सापडता कामा नयेत. मग ते खाली मान घालून जमीन बघत हिंडले. म्हणण्याला पाय होते, म्हणून ते चालत जाऊन तपासता आलं.

म्हणजे कोसंबींचं सगळं बरोबर होतं असं नाही, आमच्यात यावरून वाद आहेत. देवीच्या जागेजवळ पात्या सापडल्या, तर तिथं पूर्वी माणसं वावरली एवढं कळतं. तीच माणसं त्याच देवीला पूजत होती, हे पातीवरून कसं कळणार? एकवीरेला आगरी-कोळी मंडळी कोकणातून घाट चढून येतात, चैत्रातली यात्रा तुम्ही बघितली असेल. आमच्यातल्या काहींना वाटतं, ही जत्रा म्हणजे त्या जुन्या वाटेचा जिवंत पुरावा. आम्हा बाकीच्यांना वाटतं, जत्रा आजची आहे. ती दोन हजार वर्षं मागं ढकलायची तर मधल्या काळातलं काहीतरी हातात पाहिजे. इथं कोसंबींचं म्हणणं दोन तुकड्यांत मोडतं. वाटा आणि पात्यांचा तुकडा तपासता येतो, देवीच्या अखंडपणाचा तपासता येत नाही. आम्ही आता पहिल्याला परिकल्पना म्हणतो आणि दुसऱ्याला विचार. विचारही हवाच, पण दोन्ही एका रकान्यात लिहू नयेत.

कार्ल्याचाच आणखी एक तिढा आहे, धेनुकाकट. कार्ल्याच्या चैत्याचे खांब वेगवेगळ्या माणसांनी दान केले, आणि त्यांनी आपली गावं सांगितली आहेत. सोपाऱ्याचा एक जण आहे. चैत्यगृह पुरं करवणारा श्रेष्ठी भूतपाल वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा. जंबुद्वीपात असं दुसरं नाही असं त्यानं अभिमानानं कोरून ठेवलंय, आणि ते चैत्यगृह बघितल्यावर त्याला कुणी फारसं खोडून काढणार नाही. पण सगळ्यांत जास्त दाते धेनुकाकटचे. त्यांत गंधी आहे, सुतार आहे, स्वतःला यवन म्हणवणारे कितीतरी आहेत. हे धेनुकाकट कुठं होतं?

एक मत असं, की हे आंध्रातलं, अमरावतीजवळचं धरणीकोट. नाव जुळवता येतं, शहर मोठं होतं, व्यापार होता. कोसंबी म्हणाले, नाही, ते इथंच, कार्ल्याच्या आसपास असलं पाहिजे. आता दोन्ही बाजूंनी सारखंच बोलता येईल. एवढे दाते आहेत म्हणजे गाव जवळचं असणार, असं म्हणता येतं. उलटही म्हणता येतं: जवळचा माणूस गावाचं नाव कशाला सांगेल? तुम्ही लोणावळ्याच्या देवळाला फरशी दिलीत तर 'राहणार लोणावळा' कोराल का? सांगतो तो लांबचाच. दात्यांची संख्या या दोघांत निवाडा करू शकत नाही, कारण ती दोघांनाही चालते. पुष्कळ वाद असेच वर्षानुवर्षं चालतात. पुरावा भरपूर असतो, पण दोन्ही पक्षांना सारखाच लागू पडणारा.

मग निवाडा करणारा पुरावा कुठला? आम्हाला तो शेलारवाडीला आहे असं वाटतं. तिथल्या एका लेखात लेणं दान करणारी बाई धेनुकाकटची आहे, आणि तिचा नवरा उसभणक हा नांगरणारा कुणबी आहे, 'हालकीय' असा शब्द आहे. आता विचार करा. गंधी दूर जातो, व्यापारी समुद्रापारही जातो. पण शेतकऱ्याची बायको कृष्णेच्या काठाहून शेलारवाडीला लेणं कोरायला येईल का? येऊच शकत नाही असं नाही. पण धरणीकोटवाल्यांना हे वेगळं समजवावं लागतं, आणि कार्ल्याजवळ म्हणणाऱ्यांना काहीच करावं लागत नाही. शेकडो खांबांचं काम कधी अशी एकच बाई करते. अर्थात इथंही शेवटचा शब्द फावड्याचा. जवळ शहर होतं म्हणता, तर विटा, खापरं, नाणी जमिनीखाली असली पाहिजेत. आणि त्या जमिनीचे प्लॉट पडतायत, सपाटीकरण चाललंय. ज्या जागी आपलं म्हणणं खरं-खोटं ठरणार ती जागाच कुणाच्या तरी जलतरण तलावाखाली गेली, तर धेनुकाकट कायमचं मतांमध्येच राहील. याचं आम्हाला खरं दुःख होतं.

आता जरा नाजूक उदाहरण. कामशेतजवळ पाले गावच्या डोंगरात एक छोटं लेणं आहे. तिथला ब्राह्मी लेख १९६९ च्या सुमारास ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी उजेडात आणला. लेख 'नमो अरहंतानं' असा सुरू होतो आणि भदंत इंदरखितानं लेणं आणि पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, करवल्याचं सांगतो. त्यांनी याला जैन लेख म्हटलं. कारण रास्त होतं. आपल्याकडच्या बौद्ध लेण्यांतले लेख सहसा 'सिधं' असे सुरू होतात, आणि अरहंतांना नमन करून सुरू होणारा लेख म्हटला की खारवेलाची हाथीगुंफा आठवते, मथुरेचे जैन लेख आठवतात. पुढं आक्षेप आला. अरहंत हा शब्द बौद्धांचाही आहे, आणि भदंत तर बौद्ध भिक्षूंना सर्रास म्हणतात.

मग अलीकडं लोहगडाच्या परिसरात तसाच लेख सापडला. तेच नमन, तेच नाव. आमच्या गटात जल्लोष झाला. आता निकाल लागणार! दोन दिवस वाद घातल्यावर लक्षात आलं की या नव्या लेखानं एवढंच कळतं, इंदरखित नावाच्या माणसानं मावळात एकाहून जास्त ठिकाणी काम करवलं. तो जैन की बौद्ध, याबद्दल नवा लेख जुन्याइतकाच गप्प आहे. पुरावा वाढला, पण प्रश्न जागचा हलला नाही. हलवायचा असेल तर आधी विचारायला हवं, जैन असता तर काय दिसलं असतं जे बौद्ध असता दिसलं नसतं? ते आम्ही लिहून काढलं, अर्धंच पान भरलं. ज्यांना हे लेणं 'आपलं' आहे असं ठामपणे वाटतं, अशा दोन्हीकडच्या मंडळींना आम्ही ते अर्धं पान दाखवतो. काही रागावतात. काही तिसरा मुद्दा सुचवतात. अशांना आम्ही चहा पाजतो.

या लेखांमुळेच आमचं सध्याचं काम सुरू झालं. लेण्याबरोबर पोढी कोरवली हे दानपत्रात आवर्जून सांगावंसं वाटलं, इतकी पाण्याची किंमत होती. तर आमची आताची परिकल्पना अशी, जशी वहीत लिहिलीय तशी वाचतो: 'मावळातल्या ज्या कातळकोरीव पोढ्या कुठल्याही लेण्याला किंवा किल्ल्याला लागून नाहीत, त्यांतल्या बहुतेक जुन्या घाटवाटेच्या माथ्यापासून अर्ध्या तासाच्या चालीत आहेत.' छोटी आहे. पहिल्या परिकल्पनेसमोर ही अगदीच किरकोळ दिसते, व्याख्यानात टाळ्या मिळत नाहीत. पण ही मोडू शकते. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. बहुतेक म्हणजे चारांतल्या तीन, हे आधी ठरवलंय. जुनी घाटवाट कुठली, त्याची यादी चालायला लागण्याआधी केली आणि सगळ्यांनी खाली सह्या केल्या. नाहीतर पोढी सापडल्यावर तिच्या शेजारी वाट उगवते, हा आमचा अनुभव.

हिच्यासमोर दुसरं म्हणणंही लिहिलंय: या पोढ्या गुराख्यांच्या, गुरांच्या पाण्यासाठी असतील. तसं असेल तर त्या वाटेपेक्षा चरायच्या पठारांजवळ जास्त सापडतील. किल्ले वगळले, कारण लोहगड, विसापूर, तिकोन्यावर शिबंदीसाठी टाकी खोदली गेली आणि कुठलं टाकं कुठल्या शतकातलं हे नुसतं बघून सांगण्याइतके आम्ही शहाणे नाही. यात लोहगडाच्या परिसरातलं ते इंदरखिताचं कामही यादीबाहेर गेलं, जिवावर आलं होतं. पण आपल्याला आवडतं म्हणून एक किल्ला आत घ्यायचा आणि बाकी बाहेर ठेवायचे, हे पुन्हा सार्थवाहांचं मुक्कामस्थान झालं असतं.

मागच्या महिन्यात एक पोढी सापडली. सुरेख, चौकोनी, उतरायला पायरी. जवळच्या घाटमाथ्यापासून घड्याळ लावून चाललो, सव्वा तास लागला. आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "इथून पूर्वी जवळची वाट असणारच." सगळे त्यांच्याकडे बघू लागले. तेही हसले. ती पोढी 'विरोधात' या रकान्यात लिहिलीय, त्यांच्याच अक्षरात.

येत्या रविवारी कुरवंड्याच्या माथ्यावर जाणार आहोत, आणि परतताना मुद्दाम अशा एका सोंडेवर, जिथं घाट नाही, वाट नाही आणि काही सापडेल असं कुणालाच वाटत नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी सातला लोणावळा स्टेशनवर भेटावं. वही-पेन आणा. पाणी घरूनच आणा, पोढ्या या दिवसांत आटलेल्या असतात.